केसपेपरवर न लिहिलेला सल्ला

(एलजीबीटी समुदायाचं मानसिक आरोग्य आणि स्वास्थ्य यासाठी पुण्यात भरलेल्या एक दिवसाच्या मेळाव्यात एका फॅमिली डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



आयोजकांनी मला आज बोलावलं ते भाषणासाठी नाही, ब्लडप्रेशर तपासायला. त्या खिडकीजवळच्या टेबलावर मी सकाळी दहापासून बसलोय. साठेक जणांचं प्रेशर तपासून झालं. बहुतेकांचं उत्तम आहे. ज्यांचं वाढलेलं निघालं त्यांत दोन आया आहेत आणि एक आपले माइकवाले मामा. मामा, उद्यापासून लोणचं बंद.

जेवणानंतर एक कार्यकर्ती आली आणि म्हणाली, "डॉक्टर, पाच मिनिटं बोला ना." मी म्हटलं, पाचात होणार नाही, पंधरा द्या. कारण मला जे सांगायचंय ते सांगायचं बरीच वर्षं राहून गेलंय.

मी साधा फॅमिली डॉक्टर आहे. जुन्या मोहल्ल्यात दवाखाना. आत एक टेबल, एक तपासणीचा पलंग, बाहेर बाकडं. सर्दी-ताप, शुगर, प्रेशर, पोरांचे जुलाब, आणि घराघरांतली भांडणं. आमच्याकडे फॅमिली डॉक्टरला सगळं विचारतात. पोरीला कॉलेजात घालू का, जमीन विकू का, स्थळ कसं आहे. आणि आम्हीही सगळ्याची उत्तरं देतो. तिथेच घोटाळा होतो.

२००४ सालची गोष्ट. ज्याची आहे त्याची परवानगी घेऊन सांगतोय. ओळखू येईल असं काही सांगणार नाही. पंचविशीतला मुलगा, आई त्याला घेऊन आली. "डॉक्टरसाब, इसकू नींद नहीं आती. खाना भी नहीं खाता." छातीत धडधड, पोटात जळजळ, हाताला घाम. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. ॲसिडिटीची गोळी दिली, झोपेची गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो एकटा आला. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर बाकड्यावर थांबला. मग आत येऊन दार लोटून घेतलं आणि म्हणाला की घरात त्याच्या लग्नाचं चाललंय, आणि त्याला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही. त्याला मुलांबद्दल वाटतं.

आज मला कळतं की त्या मुलाने त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत धाडसाचं वाक्य माझ्यासमोर उच्चारलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. म्हणालो, "असं वाटतं या वयात. लग्न झालं की सगळं मार्गी लागतं." आणि दुसऱ्या दिवशी आई भेटली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. "शादी कर डालो."

लग्न झालं. बिर्याणी मीही खाल्ली.

अकरा महिन्यांनी त्याची बायको दवाखान्यात आली. बावीस-तेवीस वर्षांची पोर. तिलाही झोप नव्हती, तिलाही छातीत धडधड. तिने मला एकच विचारलं, "डॉक्टर, माझ्यात काय कमी आहे?" तिच्यात काहीही कमी नव्हतं. कमी काय होतं ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि मी तिला टॉनिक लिहून दिलं.

पुढे ते लग्न मोडलं. मुलगा गाव सोडून गेला. मुलगी माहेरी गेली. दोन माणसांची वर्षं गेली, दोन घरांत वैर झालं. माझ्या दवाखान्याचं काहीच बिघडलं नाही. बाकडं रोज भरतच होतं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर शिकलेला माणूस, त्याला माहीत नव्हतं? खरं सांगतो, नव्हतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढली. त्याच १९९० साली मी एमबीबीएस पास झालो. माझ्या हातात डिग्री आली आणि जगाच्या यादीतून तो 'आजार' गेला, एकाच वर्षी. ती बातमी माझ्या टेबलापर्यंत पोहोचायला पाव शतक लागलं. कॉलेजात मला हा विषय भेटला तो न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात, अनैसर्गिक गुन्ह्यांच्या प्रकरणात. म्हणजे जो मुलगा माझ्यासमोर बसला होता, त्याची ओळख मला गुन्हा म्हणून करून दिलेली होती. माणूस म्हणून कुणी करून दिली नव्हती.

ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसचा जो अभ्यासक्रम काढला, त्यात स्त्री-स्त्री संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत आले होते. ओरड झाली, काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा तो भाग रद्द केल्यानंतर सहा वर्षांनी हे घडलं. पुस्तकं कायद्याच्या मागून चालतात, डॉक्टर पुस्तकांच्या मागून, आणि पेशंट बिचारा बाकड्यावर बसून राहतो.

मग त्या मुलाला आजार काय होता? झोप येत नव्हती हे खरं होतं. धडधड खरी होती. इलान मेयर नावाच्या संशोधकाने यावर मोठं काम केलं आहे. त्याने त्याला अल्पसंख्याकत्वाचा ताण म्हटलंय. मी माझ्या प्रेशरच्या मशीनच्या भाषेत सांगतो. प्रत्येकाचं प्रेशर दिवसातून चढतं-उतरतं. जिना चढलात, चढलं. भांडलात, चढलं. घरी येऊन पाठ टेकली की उतरतं. ज्याला घरात पाठ टेकता येत नाही त्याचं काय? जेवताना बोलण्यावर लक्ष, फोन वाजला की लक्ष, कुणाबरोबर होतास विचारलं की 'तो'चं 'ती' करून सांगायचं. चालणं कसं, हसणं कसं, हात किती हलले. असा पहारा स्वतःवरच, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. कुणाचीही झोप जाईल. समलिंगी असण्याने नाही गेली त्याची झोप. पहाऱ्याने गेली. आणि मी त्या पहाऱ्यावर आणखी एक शिपाई बसवला, बायको नावाचा. त्या बिचारीला तर आपण पहाऱ्यावर आहोत हेही सांगितलं नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान अभ्यास होता, दोनशेच्या वर तरुण-तरुणी, सगळे समलिंगी किंवा उभयलिंगी. ज्यांना किशोरवयात घरच्यांकडून खूप नाकारलं गेलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, जवळपास नाकारलं न गेलेल्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक होतं. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण दिशा बघा. मुलं सगळी समलिंगी किंवा उभयलिंगीच होती. फरक घरात होता.

आमच्या वस्तीतल्या मुलाचं दुखणं दुहेरी असतं. आडनाव ऐकून त्याला खोली मिळत नाही. मिळालीच तर मित्राला आणता येत नाही. बाहेर तो मुसलमान म्हणून वेगळा, घरात समलिंगी म्हणून वेगळा. म्हणून अशी मुलं घर सोडायला जास्त घाबरतात. घराबाहेर त्यांच्यासाठी जागा आधीच कमी असते. दलित घरातल्या, गावाकडच्या, गरीब घरातल्या मुलांचंही असंच असतं, कारणं वेगवेगळी.

मला विचारतात, धर्माचं काय? मी आलिम नाही. श्रद्धेचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी सावकाश घालावा. पण तो वाद मिटेपर्यंत पोराला रात्री ताटात वाढायचं की नाही, हा प्रश्न आज रात्रीचा आहे. त्याला आज रात्रीच उत्तर द्यावं लागतं. माझं उत्तर, वाढायचं. गरम वाढायचं.

आता आजच्या मेळाव्याबद्दल. आमंत्रण आलं तेव्हा माझ्या मुलीला मी विचारलं, मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आणि त्यात कॅरम कशाला? बिर्याणीचा स्टॉल कशाला? गाणी कशाला? सेमिनार घ्या ना. दिवसभर इथे बसून मला उत्तर मिळालं.

सेमिनारला कोण येतं? ज्याला आधीच माहीत आहे तो. मेळाव्याला कुणीही येतं. 'मी बिर्याणी खायला आलो' असं म्हणता येतं. 'मी भाच्याला सोडायला आलो' म्हणता येतं. समुपदेशनाची खोली त्या पुस्तकांच्या स्टॉलच्या मागे ठेवली आहे. कोण पुस्तक बघायला गेलं आणि कोण आत गेलं, कुणाला कळत नाही. ज्याने ही मांडणी केली त्याला माझा सलाम.

आणि माझं टेबल. दंडाला पट्टा बांधला की माणसाला मिनिटभर हलता येत नाही. समोर डॉक्टर, बाही वर केलेली. त्या एका मिनिटात लोक बोलतात. आज एक गृहस्थ आले, साधारण माझ्याच वयाचे. पट्टा बांधला, हवा भरली, आणि ते बोलायला लागले. काय बोलले ते सांगणार नाही. पट्टा काढून झाल्यावरही ते वीस मिनिटं बसून होते, आणि रांगेतल्या एकानेही कुरकुर केली नाही. माझ्या दवाखान्यात असं कधी झालं नाही. तिथे दोन मिनिटं जास्त झाली की बाहेरून दार वाजतं.

एकटेपणावर मी चिठ्ठीवर औषध लिहून देऊ शकत नाही. केमिस्टकडे मिळत नाही ते. खिन्नतेचा आजार झाला तर औषध आहे, आणि ते जरूर घ्यावं, त्यात लाज नाही. पण 'माझ्यासारखा मी एकटाच' या समजुतीवर उपाय एकच, आपल्यासारखे दहा जण डोळ्यांनी दिसणं. कॅरम खेळताना, भांडताना, जास्तीचा रस्सा मागताना दिसणं. तिकडे मंडपात आया बसल्या आहेत. मी मघाशी मुद्दाम तिकडून गेलो. त्या आपल्या मुलांबद्दल बोलत असतील असं वाटलं. त्या गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या. मला फार बरं वाटलं. ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी वाटलं असेल की आपल्यावर आभाळ कोसळलं, तिला आज गुडघे आठवण्याइतकी उसंत मिळाली आहे.

अशा जागा आयत्या मिळालेल्या नाहीत. महाराष्ट्रात या विषयावर बोलण्याची किंमत मोजलेली माणसं आहेत. र. धों. कर्वे यांच्या मासिकाचं नावच 'समाजस्वास्थ्य'. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली, त्यांत समलैंगिकतेबद्दलचेही प्रश्न होते, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उच्च न्यायालयात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण उभे राहिले. १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट सुरू झाली. १९९९ च्या जुलैत कोलकात्यात देशातली पहिली प्राइड यात्रा निघाली, तेव्हा चालायला पंधरा जण होते. पंधरा! आपल्या पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केली. मी हा विषय मराठीत पहिल्यांदा नीट वाचला तो त्यांच्या 'इंद्रधनू' या पुस्तकात. म्हणजे बघा, मी ज्या वर्षी त्या मुलाला 'लग्न कर' म्हणालो, त्या वर्षी या शहरात त्याच्याशी बोलायला माणसं होती. मला पत्ता माहीत नव्हता, कारण मी शोधलाच नव्हता.

कौतुकाबरोबर एक काळजीही सांगतो. हाजी मलंगच्या उरुसाला तृतीयपंथी मोठ्या संख्येने येतात. लोक त्यांची दुआ घेतात. आम्ही म्हणतो, बघा, आमच्या परंपरेत जागा आहे. आहे, खरंच आहे. पण उरूस संपला की त्याच माणसाला खोली कोण देतं? दवाखान्यात कुठल्या रांगेत उभं करतं? एक दिवस दुआ आणि बाकीचे दिवस दार बंद, असं या मेळाव्याचं होऊ नये. उद्या सोमवार आहे. मला सोमवारबद्दल बोलायचंय.

पहिलं, माझ्या व्यवसायातल्यांसाठी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे. त्याचं तिसरं कलम सांगतं की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. अठरावं कलम सांगतं की लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिले आणि त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'बदलून देण्याचे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी डॉक्टर 'मुलाला सरळ करून देतो' म्हणून पैसे घेत असेल, तर तो उपचार करत नाही, नियम मोडतो. शॉक, गोळ्या, संमोहन, काहीही असो. तक्रार करा. आणि लक्षात ठेवा, 'लग्न करून टाका' हाही त्याच दुकानातला माल आहे. फक्त फुकट मिळतो म्हणून कुणी तक्रार करत नाही.

दुसरं, आई-वडिलांसाठी. मुलाने सांगितलं तर लगेच काही बोलावं लागत नाही. रडू आलं तर रडा. समजलं नाही तर 'मला समजायला वेळ लागेल' म्हणा. फक्त दोन गोष्टी करू नका. घराबाहेर काढू नका, आणि कुणा परक्या मुलीचं किंवा मुलाचं आयुष्य औषध म्हणून वापरू नका.

तिसरं, जो आत्ता मागे खांबाजवळ उभा आहे आणि कुणाशीच बोललेला नाही, त्याच्यासाठी. मी नाव घेत नाही, मागे वळून कुणी बघू नका. बाबा रे, तुला आज कुणाला काही सांगायचं नसेल तर नको सांगू. घर सुरक्षित नसेल तर घरी सांगायची घाई तर अजिबात नको. खूप जड झालं, जीव नकोसा झाला, तर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा आहे, १४४१६, रात्रीही चालते, मराठीतही बोलतात. आणि माझं टेबल पाचपर्यंत आहे. प्रेशर तपासायला ये.

आता शेवटचं. २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं आहे की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने माफी मागायला हवी. ते वाचलं तेव्हा वाटलं, इतिहासाचं इतिहास बघेल, माझ्या वाट्याची मला मागितली पाहिजे. त्या मुलाचा नंबर मिळवला. तो आता चाळिशीत आहे, दुसऱ्या शहरात, बरा आहे. तो हसून म्हणाला, "डॉक्टरसाब, आपकी गोली से नींद तो आती थी." त्याने माफ केलं. आजच्या या मेळाव्याचं मला त्यानेच सांगितलं.

मग तिला भेटायला गेलो. ती शिवणाचे क्लास चालवते. तिच्या भावाला बरोबर बसवून, मला जे माहीत होतं आणि जे मी लपवलं ते सगळं तिला सांगितलं. 'तुझ्यात काही कमी नव्हतं' हेही सांगितलं, चौदा वर्षं उशिरा. तिने ऐकून घेतलं. पाणी दिलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि म्हणायला ती बांधीलही नाही. तिने विचारलं, "डॉक्टर, असं अजून किती जणांना सांगितलंत?"

मी घरी आलो आणि कपाटातले जुने केसपेपर काढले. दोन रात्री चाळत बसलो. ॲसिडिटीची गोळी लिहिलेली होती, झोपेची लिहिलेली होती, तारीख होती, सही होती. 'लग्न करून टाका' कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते औषध मी कधी लिहूनच दिलं नव्हतं, नुसतं तोंडी दिलं होतं. त्यामुळे तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. किती घरांत ते गेलं, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. औषधांच्या खाली रेघ मारतो, आणि पेशंटला तोंडी जो सल्ला दिला तोही लिहितो. त्याखाली सही करतो. जो सल्ला लिहायला हात धजत नाही, तो तोंडानेही द्यायचा नाही. इथे कुणी डॉक्टर असतील, समुपदेशक असतील, शाळेतले शिक्षक असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. सोमवारपासून करून बघा.

माझ्या टेबलापाशी तिघं उभे दिसताहेत. एकाने बाही वर करून ठेवली आहे. मला जायला हवं.